रुची गेल्यानंतर

दुर्ग-भिलाईच्या पद्मनाभपुरातील एखाद्या मराठी घरी होळीला पुरणपोळी वाढली जाते. पण पथ्यावर असलेल्या गृहस्थाला ती आता नकोशी वाटते. एकेकाळी जी सोडवत नसे, ती आपणहून सुटली. याला संयम म्हणावे काय?

मीठ कमी केले की काही आठवड्यांत जीभ तेवढ्याला सरावते. लंडनमधील विद्यार्थिदशेत (१८८८-९१) गांधींनी मसाले सोडले, तेव्हा पूर्वी बेचव लागलेला उकडलेला पालक त्यांना रुचू लागला. स्वादाचे खरे स्थान जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गीतेचा दुसरा अध्याय याच्या उलट स्थिती सांगतो : निराहारी माणसाचे विषय सुटतात, रस मात्र मागे उरतो. त्याला ओढीशी झगडावे लागते, म्हणून त्याच्या त्यागाला मोल आहे. ओढच उरली नाही, तेथे त्याग कशाचा?

रुची जाणे हे म्हणूनच पुण्य नव्हे. त्याचा अभिमान धरून इतरांच्या ताटाकडे तुच्छतेने पाहणे ही नवी आसक्तीच होय. खरी कसोटी यापुढे आहे. पोळीची गोडी गेली, तरी ती लाटणाऱ्या हातांविषयीची गोडी टिकली पाहिजे. ओढ नसतानाही केवळ तिच्यासाठी घेतलेला एक घास, हा त्या गृहस्थाचा खरा संयम.