वाढत्या अंगाचा मदरबोर्ड

उद्यासाठी माणसाने आज किती उपाशी राहावे, यावर ऋषिमुनींचे मत काय होते ते मला ठाऊक नाही. आमच्या वडिलांचे मात्र पक्के ठाऊक आहे. शाळेची खाकी चड्डी ते नेहमी वाढत्या अंगाची घेत. "पोरगं वाढणार नाही का?" असे ते दुकानदाराला विचारीत. पोरगं वाढे, पण चड्डी कमरेला नीट बसू लागेपर्यंत तिला मागे दोन ठिगळे लागलेली असत. परिणामी सारे बालपण मी एका हाताने चड्डी सावरत आणि दुसऱ्या हाताने क्रिकेट खेळत काढले.

हे सारे परवा लॅमिंग्टन रोडवर आठवले. चिरंजीव अकरावीत आहेत. गेम खेळायचा कॉम्प्युटर त्यांना स्वतःच्या हाताने जोडायचा होता, आणि गाडी मदरबोर्डापाशी अडली होती. मदरबोर्ड म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड ही सगळी मंडळी जिच्यावर बसतात ती पाटी. नाव अगदी सार्थ आहे. ती स्वतः काही करताना दिसत नाही. पण तिच्यावाचून घरात कोणी कोणाशी बोलू शकत नाही.

एक बोर्ड 11,000 चा होता, दुसरा 22,000 चा. मी दुसऱ्यावर बोट ठेवले. "घे. पुढं उपयोगी पडेल." माझ्यातला द्रष्टा दुकानदाराने तत्काळ ओळखला आणि खुर्ची पुढे केली.

"बाबा, महागड्या बोर्डानं गेम पळत नाही, ग्राफिक्स कार्डानं पळतो. उरलेले पैसे तिकडं घालू."

"आणि पाच वर्षांनी नवा प्रोसेसर आला तर?"

यावर त्याने मला इतिहास ऐकवला. 2017 साली एएमडीच्या एएम-फोर सॉकेटचे बोर्ड ज्यांनी घेतले, त्यांतल्या पुष्कळांवर बायॉस बदलून 2022 चा प्रोसेसरही चालला. उलट इंटेलचा 1151 टोकांचा सॉकेट 2015 साली आला. 2017 साली आठव्या पिढीचे प्रोसेसर आले तेही त्याच 1151 टोकांचे, पण जुन्या बोर्डांनी त्यांना ओळख दाखवली नाही. पत्रिका जुळली, लग्न मोडले! दोन्ही गिऱ्हाइके सारखीच दूरदर्शी होती. एकाला शहाणा म्हणायचे, दुसऱ्याला मूर्ख. आणि फरक काय, तर कंपनीची मर्जी.

मी कॉमर्सचा माणूस. माझे उपनिषद म्हणजे हिशेबाचे पुस्तक. त्यात तरतूद वेगळी आणि राखीव निधी वेगळा. देणे येणार हे ठाऊक आहे, रक्कम तेवढी नक्की नाही, तिथे तरतूद करावीच लागते. राखीव निधी मात्र नफ्यातून बाजूला काढायचा. म्हणजे आधी नफा व्हायला हवा. आम्ही मध्यमवर्गीय उलटे करतो. आजचा आनंद खात्यावर जमा व्हायच्या आतच त्यातून उद्याचा राखीव निधी काढतो, आणि या तुटीला संस्कार म्हणतो.

वडिलांनी निवृत्तीनंतर शिकायची म्हणून एक हार्मोनियम घेऊन ठेवली होती. बावीस वर्षे ती खोळीत राहिली. निवृत्त झाले तेव्हा भाते शाबूत होते. बोटे थरथरू लागली होती.

"तरी पण विचार कर," मी म्हणालो, पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता.

"बाबा, दोन वर्षांनी मी इंजिनिअरिंगला कुठं असेन कोण जाणे. तोवर खेळू की!"

त्या 'खेळू'मध्ये मीही होतो, हे माझ्या जरा उशिरा ध्यानात आले.

11,000 चा बोर्ड घेतला. त्यावर रॅमच्या चार खाचा आहेत. दोन भरल्या, दोन रिकाम्या ठेवल्या. रॅम पुढे लागणार हे ठाऊक आहे, म्हणजे ती तरतूद. 2030 च्या प्रोसेसरची काळजी 2030 मधल्या माणसांवर सोडली.

रविवारी रात्री कॉम्प्युटर सुरू झाला. सात मिनिटांत मी सात वेळा ठार झालो. पण सांगायची गोष्ट ही, की आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही हातांनी खेळलो.