कोपऱ्यातले टेबल

सोलापूर समुद्रापासून इतके दूर, की आमच्याकडे मासा म्हटला म्हणजे उजनीची चिलापी. आमच्या घरात तीही येत नाही. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पंढरपूर जवळ, तेव्हा अशा माळा आमच्या गल्लीत पुष्कळ. माझ्या गळ्यात माळ नाही, मी कधी शपथही घेतली नाही. तरी चाळिशी उलटेपर्यंत मासा खाल्ला नव्हता. लोक त्याला माझा संयम म्हणत, आणि मीही तसेच समजत असे.

गेल्या हिवाळ्यात पणजीच्या एका लेखक-मेळाव्याहून परतताना मोपाच्या विमानतळावर दोन तास हाताशी होते. जून २०२५ पासून गोव्याहून सोलापूरला विमान येऊ लागले. रात्रभराचा प्रवास तासावर आला. (त्या विमानासाठी २०२३ साली साखर कारखान्याची चिमणी पडली, पण तो निराळा विषय.) मी उपाहारगृहात बसलो आणि भात, हुमण, रव्यात तळलेला बांगडा, किसमूर, सोलकढी असे ताट मागवले. उभ्या उभ्या एखादा तुकडा तोंडात टाकला असता, तर ‘नुसती चव पाहिली’ असे मनाला सांगता आले असते. बसून जेवणाऱ्याला ही पळवाट नाही. तो मागवतो, वाट पाहतो, वाढून घेतो आणि पैसे चुकते करतो.

जेवण उत्तम होते, हे आधी सांगून टाकतो. माझी तारांबळ पाहून वाढप्याने बांगड्याचा मधला काटा कसा सोडवायचा ते दाखवले. पापाची टोचणी म्हणाल, तर शोधूनही सापडेना. ज्या मुलखात सारस्वतांच्या घरी देवपूजा आटोपून मासळीच्या ताटावर बसतात, तेथे मी पाप कोणत्या मापाने मोजणार?

इतक्यात, “सर, तुम्ही?”

एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. त्याच विमानाला निघालेले. माझा डावा हात आपोआप हलला आणि शेजारचे वर्तमानपत्र ताटावर ओढले गेले. गृहस्थ दोन शब्द बोलून गेले. त्यांनी ताटाकडे पाहिलेही नसावे.

वर्तमानपत्र हुमणात भिजू लागले. तेव्हा ध्यानात आले, की इतकी टेबले मोकळी असताना मी भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यातले निवडले होते! पर्यवेक्षक बाहेर गेला तरी मान वळवू नका, असे मी वर्गात मुलांना बजावतो. आणि माझा स्वतःचा संयम मात्र गल्लीच्या डोळ्यांत राहत होता. आप्पांचा त्यांच्या गळ्यात आहे, ते कोठेही जावोत. बापाचे मन राखले यात वावगे काय, असे कोणी विचारील. वावगे काहीच नाही. पण तो कागद मी आप्पांसाठी ओढला नव्हता.

मी तो बाजूला केला आणि उरलेला भात जेवलो. थंड झाला होता.

घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावरच बसले होते.

“जेवलास का रे?”

“जेवलो, आप्पा. मासे खाल्ले.”

ते बराच वेळ माळेचे मणी चाचपत राहिले. मग म्हणाले, “कोणता होता?”

“बांगडा.”

“माळ घालायच्या आधी भीमेतली मरळ खायचो मी. काटे कमी असतात तिला,” ते म्हणाले, आणि मला पाणी आणायला त्यांनी आत हाक मारली.