डोंगर कोणासाठी निवडावा?

सहकुटुंब प्रवासाचा बेत हा वरवर पाहता अगदी साधा व्यवहार आहे. रजा किती, पैसा किती आणि मुलांच्या परीक्षा केव्हा, एवढे तीन प्रश्न सुटले की बेत ठरला, असे आपण समजतो. परंतु थोडे खोल पाहिले असता असे आढळून येईल की, घरातील न्यायाची कसोटी ज्या थोड्या प्रसंगी लागते त्यांपैकी हा एक प्रसंग होय. रोजच्या संसारात कोणी कोणते काम करावयाचे हे बहुधा ठरून गेलेले असते. सुख वाटून घेण्याची वेळ मात्र क्वचित येते, आणि ती आली म्हणजे कोणाच्या इच्छेला घरात किती किंमत आहे हे उघड होते.

नाशिकला लागून असलेल्या अंबड येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात असाच एक बेत चालला होता. गृहस्थ तेथील औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे, पत्नी शिक्षिका, दोन शाळकरी मुले, आणि सत्तरी ओलांडलेली आजी. हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरावर जावे आणि मुलांनी स्कीइंग, म्हणजे पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ, शिकावा असे ठरले. प्रश्न एवढाच उरला की, डोंगर कोणता?

या प्रश्नाची व्यावहारिक बाजू काही सोपी नाही. उत्तराखंडातील औलीचे उतार नवशिक्यांस सोयीचे व नंदादेवीचे दर्शन घडवणारे खरे. परंतु ऋषिकेशापासून जोशीमठापर्यंत अडीचशे किलोमीटरांचा घाटरस्ता आहे, आणि जानेवारी 2023 मध्ये जोशीमठाची जमीन खचू लागल्यावर तेथून औलीस जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला होता. मनालीजवळचे सोलंग खोरे त्या मानाने सुलभ, पण तेथील उतार लहान आणि गर्दी मोठी. राहिले काश्मीरातील गुलमर्ग. तेथे स्की क्लब निघाला तो 1927 मध्ये, म्हणजे आपल्या देशात या खेळाचे हे जुने माहेरघर. खाली 2,650 मीटरांवर विस्तीर्ण कुरण व शिकाऊंचे सौम्य उतार; वर जावयास रज्जुमार्ग. त्याचा पहिला टप्पा 1998 मध्ये व दुसरा 2005 मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर चार हजार मीटरांच्या जवळ नेऊन सोडतो. नाशिकची उंची सुमारे सहाशे मीटर! अडीच हजारांच्या वर विरळ हवेचा त्रास कित्येकांस होतो, आणि अफरवटचे उतार हे हिमप्रपाताचे उतार आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये तेथे एका परदेशी स्कीपटूचा बळी गेला.

मुलांचा कौल अर्थातच अफरवटकडे होता. वडिलांचे मन सोलंगकडे झुकत होते, कारण ‘आईला झेपले पाहिजे’. आणि आई? त्यांस विचारले तेव्हा त्यांनी आपल्याकडील सर्व आया देतात तेच उत्तर दिले : ‘मला काय, कुठेही चालेल.’

आमच्या मते या प्रश्नाचे सारे मर्म या तीन-चार शब्दांत आहे. घरोघर हे वाक्य उच्चारले जाते आणि घरोघर त्याचा अर्थ ‘संमती’ असा केला जातो. परंतु संमती म्हणजे केवळ विरोधाचा अभाव नव्हे. ज्या व्यक्तीने पन्नास वर्षे सर्वांची ताटे वाढून झाल्यावर उरेल त्यात भागवले, तिला ‘चालेल’ म्हणण्याची सवय झालेली असते. आणि सवयीला संमती समजणे हा न चालता होणारा अन्याय आहे. तो कोणी जाणूनबुजून करत नाही, म्हणूनच तो दिसत नाही. समाजकारणात आपण अंत्योदयाची भाषा बोलतो; परंतु घरातला शेवटचा माणूस कोणता, हे विचारण्याचे आपणांस सुचत नाही.

यावर कोणी म्हणेल की, सर्वांत दुबळ्या माणसाच्या पावलाने सर्वांनी चालावयाचे म्हटल्यास तरुणांनी डोंगर चढावा केव्हा? हा आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाही. वृद्धांच्या नावाने तरुणांचा उत्साह दडपणे हाही जुलूमच आहे. परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की दुबळ्या माणसाची इच्छाही दुबळीच असते. सोलंगची निवड करणाऱ्या त्या सद्गृहस्थांनी तरी दुसरे काय केले होते? त्यांनी आईचा दम मोजला. इच्छा विचारली नाही. मातृभक्तीने केलेली असली तरी ती परस्पर केलेली निवडच होय.

अंबडहून दिसणाऱ्या त्रिरश्मी डोंगराची, म्हणजे पांडवलेण्यांची, येथे आठवण होते. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली ही स्त्री. गौतमीपुत्र सातकर्णीची माता आणि पुळुमावीची पितामही. नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणे भिक्षुसंघास दिले, आणि लेखात या डोंगराला कैलासशिखराची उपमा दिली. वैभवाच्या शिखरावरील राजमातेची गोष्ट वेगळी, हे आम्ही जाणतो. तरीही एका आजीने आपला डोंगर आपण निवडला आणि ती इच्छा दगडात कोरून ठेवली, हे दृश्य ज्यांच्या खिडकीतून रोज दिसते त्यांनी आपल्या घरातील आजीला एकदा विचारून पाहावयास काय हरकत आहे?

त्या घरी विचारले ते नातीने. ‘चालेल का’ असे नव्हे, तर ‘आजी, तुला काय पाहायचं आहे?’ आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पडलेला बर्फ सगळ्यांनी पाहिलाय. मला तो पडताना पाहायचा आहे.’

हे उत्तर कोणाच्याच सोयीचे नव्हते. मुलांस सुटी ती नाताळची. काश्मीरातील कडक थंडीचे चाळीस दिवस, ज्यास तेथे चिल्ला-इ-कलान म्हणतात, सुरू होतात तेच 21 डिसेंबरला, आणि बर्फ पडताना पाहावयाचा तर जानेवारीच्या अखेरीस जाणे अधिक बरे. म्हणजे मुलांची शाळा बुडणार, आणि ती बुडवण्यास संमती देणार शिक्षिका असलेली आई! शिवाय त्याही दिवसांत हिमवर्षावाची शाश्वती नाही. जानेवारी 2024 मध्ये ऐन हंगामात गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. इच्छा विचारण्याचा धोका हाच आहे. उत्तर मिळाल्यावर त्याची किंमत द्यावी लागते. म्हणूनच बहुधा आपण विचारत नाही.

त्यांनी ती किंमत देण्याचे ठरवले. गुलमर्ग, जानेवारीचा शेवटचा आठवडा, आधी दोन रात्री श्रीनगरास विसावा, आजींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावयाचा, मुलांनी खालच्या कुरणात शिकावयाचे, आणि अफरवटचा दुसरा टप्पा या खेपेस नाही. मुलगा थोडा रुसला, आणि त्याचे रुसणे रास्त होते, हेही नमूद केले पाहिजे. न्याय केला म्हणजे कोणाचेच काही जात नाही, असा भ्रम आम्हांस नाही. फक्त ते नेहमी एकाच माणसाचे जाऊ नये.

‘आणि बर्फ पडलाच नाही तर?’ असे आम्ही आजींस विचारले. ‘नाही पडला तर नाही पडला,’ त्या म्हणाल्या, ‘पण मी मागितला होता, हे तर राहील.’