प्रारब्ध आणि शुश्रूषा

प्रारब्ध भोगूनच संपवायचे, हा सिद्धांत आपल्या संप्रदायात लहान पोरालाही ठाऊक आहे. पण तो कुणी कुणाला लावावा, याचा विवेक मात्र पुष्कळदा राहत नाही. बायकोचा कर्करोग हाडांत उतरला आहे, ती रात्र रात्र कण्हते आहे, डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिले आहे, आणि माळकरी नवरा विचारतो, “महाराज, हे अफूचं औषध. दुखणं दाबलं तर भोग पुढल्या जन्मी उरेल ना? आणि गुंगीत नाम कसं यायचं?” शंका प्रामाणिक आहे. म्हणून तिचे उत्तर शास्त्रानेच दिले पाहिजे.

प्रारब्ध हा स्वतःच्या दुःखाकडे पाहण्याचा डोळा आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहायला देवाने दया दिली आहे. शेजाऱ्याचे घर पेटले तर ‘त्याचे प्रारब्ध’ म्हणून आपण हातातली घागर खाली ठेवतो काय? शिवाय दुखणे प्रारब्धाने आले म्हणता, तर औषध दाराशी आले ते कशाने? माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचा केवढा विस्तार केला आहे! दुःख हलके करण्याचे साधन हाती असून ते अडवून धरणे, हीही हिंसाच होय.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाला सेवेचे ज्ञान, दक्षता, प्रेम आणि शुचिता हवी. प्रेम तर घरोघर आहे. ज्ञान तेवढे कमी पडते. ते असे: मॉर्फीनच्या साध्या गोळीचा गुण सुमारे चार तास टिकतो. म्हणून कण्हणे सुरू होण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळ लावून ती द्यावी. मधेच कळ उठली तर काय द्यायचे, ते आधीच विचारून ठेवावे. पोट जड होते, म्हणून सारकही सुरुवातीपासून विचारून घ्यावे. पहिले काही दिवस मळमळ व गुंगी येते. ती बहुधा ओसरते. फार झोप लागली, श्वास मंदावला, तर तात्काळ कळवावे. आपल्या मनाने गोळी वाढवू नये, एकाएकी बंदही करू नये. वेदनेवर मापाने घेतलेले औषध म्हणजे व्यसन नव्हे, आणि त्याने मरण ओढवून आणले असेही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेसाठी साध्या गोळ्यांपासून मॉर्फीनपर्यंत पायऱ्या घालून दिल्या आहेत.

रोग्याच्या गुणांत चरकाचार्य आपले दुखणे नीट सांगता येणे हाही एक गुण धरतात. आपल्या बायका इथेच चुकतात. “काही नाही, बरं आहे,” म्हणून तोंडात पदर धरतात. तेव्हा नवऱ्याने विचारावे, “रुपयात किती आणे दुखतंय गं?” बारा आणे म्हणाली, तर वहीत वेळ घालून तसे लिहावे. डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होतो.

आता नामाचे. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचे महत्त्व आहे खरे. पण ज्या भावात मनुष्य जन्मभर मुरला तोच शेवटी आठवतो, हेही तेथेच सांगितले आहे. चाळीस वर्षे हरिपाठ म्हटलेल्या बाईचे नाम एका गोळीने पुसले जाईल, इतका आपला पांडुरंग दुबळा नाही. उलट असह्य कळच नाम सुटायला लावते. ती उतरली की ओठ आपोआप हलतात. तरीही ती म्हणाली, “सांजच्या हरिपाठाला मला जाग हवी, थोडं दुखलं तरी चालेल,” तर ते डॉक्टरांना सांगावे. मात्रा आणि वेळा पुष्कळदा जुळवता येतात. किती सोसायचे हे तिने ठरवावे. तिच्या वतीने नवऱ्याने वैराग्य पत्करू नये.

आणि नवऱ्यानेही एकट्याने जागू नये. लेकीला, सुनेला, भावाला रात्री वाटून द्याव्यात. दिंडीत एखाद्याचा पाय सुजला तर वाट त्याची त्यालाच चालावी लागते. पण त्याचे गाठोडे चौघे आळीपाळीने खांद्यावर घेतात. त्याची वारी उणी पडली, असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

रामकृष्णहरि.