विंचवाची नांगी आणि उचलीची वही

गुलामगिरी मुलांना समजावून सांगणारी चित्रपुस्तके, म्हणजे निम्मा अर्थ चित्रावर सोपवणारी छोटेखानी पुस्तके, बहुधा सुटकेची गोष्ट निवडतात. १८४९ साली लाकडी खोक्यात बसून पार्सल म्हणून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पोचलेला हेन्री ब्राउन मुलांना आवडतो, कारण त्याच्या गोष्टीत अंधार आहे आणि शेवटी उघडणारे झाकण आहे. मात्र ज्यांना खोके लाभले नाही ते भित्रे होते, असा समजही त्या झाकणासोबत मुलांच्या मनात शिरतो.

मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले आणि तिथल्या दास्याचे इथल्या जातीशी नाते जोडले. पण इथल्या दास्याला बेडी नव्हती, तेव्हा चित्रकाराने काढायचे काय? ‘भीमायन’ (२०११) या चित्रकथेने त्याचे उत्तर शोधले आहे. १९०१च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेले लहानगे आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना, आणि अखेर तोडगा निघाला तो असा, की भाडे दुप्पट द्यायचे, बैल मुलांनीच हाकायचे व गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. डब्यात जेवण होते, पण वाटेत पाणी मिळाले नाही. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी पात्रांना चौकटीत कोंबले नाही. बोचऱ्या बोलांच्या फुग्याला (फुगा म्हणजे पात्राचे बोल लिहिण्याची जागा) त्यांनी विंचवाची नांगी लावली आणि मायेच्या बोलांना पक्ष्याचा आकार दिला. ही नांगी तिसरीतल्या मुलालाही वाचता येते, आणि येथे पळून जाण्याला दिशाच नव्हती, कारण पुढच्या गावचे पाणीही असेच राखलेले, हे तिला जोडूनच सांगता येते.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात पळायला दिशा नसण्याची ही अडचण आजची आहे. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या टोळीत नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ धरली जाते, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. या साऱ्यांना सरसकट गुलाम म्हणणे सरधोपट ठरेल, तरी कर्जापोटी राबवून घेण्यास १९७६च्या कायद्याने बंदी केली ती उगाच नव्हे. तोडीवर आलेल्या आईबापांचे मूल वर्गात असेल, तर हेन्रीचे झाकण उघडताना ते टाळ्या वाजवीलही, पण फडातून रातोरात निघून गेले तरी उचल गावापर्यंत मागे येते हे त्याला घरीच कळलेले असते. त्याच्यासाठी पुस्तक काढायचे झाले, तर पहिले चित्र मुकादमाच्या वहीचे काढावे लागेल.