मनगटावरचा ऊद

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की आमच्या घरी अत्तराची कुपी बाहेर निघते. वडिलांच्या वेळी ती हिन्याची असे. गेली दोन वर्षे ती उदाची आहे. कुपी लहानशी, पाव तोळ्याची. आत काकवीसारखे दाट, काळसर तेल. सणाच्या दिवशी इतक्या किरकोळ वस्तूवर निबंध कशाला, असे कोणी म्हणेल. पण या कुपीने मला एक प्रश्न घातला आहे, आणि तो नीतीचा आहे. त्याचे उत्तर मी एकदा चुकलो, म्हणून तो मांडतो.

आधी त्या वासाविषयी. उदाची पहिली भेट सुखाची नसते. काडी मनगटाला टेकली, की प्रथम जे नाकात शिरते ते गोठ्याच्या जवळचे असते: ओले शेण, कच्चे चामडे आणि वर वैद्याच्या काढ्याचा कडवटपणा. नवखा माणूस हात दूर धरतो. पण अर्धा तास थांबावे. अंगाच्या उबेने तेलातले हलके अंश उडून जातात आणि खालचा जड, राळेचा भाग हळूहळू वर येऊ लागतो. मग तोच वास गुऱ्हाळातल्या काहिलीशेजारी उभे राहावे तसा ऊबदार होतो. त्यात आजीच्या सागवानी पेटीचे झाकण उघडल्याचा भास असतो, गाभाऱ्याच्या भिंतींत वर्षानुवर्षे मुरलेला धूर असतो. संध्याकाळपर्यंत तो कातडीला इतका चिकटून बसतो, की हा अत्तराचा वास की या माणसाचाच, हे सांगता येऊ नये. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीला जी मंद गोडी उरते, तिच्यावर पहिल्या पाच मिनिटांचा मागमूसही नसतो.

तोच थेंब माझ्या पत्नीच्या हातावर गोडसर होतो, माझ्या हातावर धुरकट राहतो. प्रत्येकाची ऊब निराळी, घाम निराळा, कातडीचा तेलकटपणा निराळा. अत्तर अर्धे कुपीत असते आणि अर्धे माणसात, असेच म्हणावे लागते. बाईचा वास आणि पुरुषाचा वास ही वाटणी आपल्या जुन्या रीतीत फारशी नव्हतीच. हळदीकुंकवाला बायकांच्या मनगटाला आणि लग्नाच्या पानसुपारीत पुरुषांच्या हाताला लागणारे अत्तर एकाच अत्तरदाणीतले असे.

या उदाचे झाड आसामातले. संस्कृतात त्याला अगुरू म्हणतात. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे हत्ती प्राग्ज्योतिषात ज्या झाडांना बांधले जातात, ती काळ्या अगुरूचीच. अरबांनी त्या लाकडाला ऊद म्हटले. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता लाकूड, काडी असा आहे. गंमत अशी, की आपण देवापुढे कधी अगरबत्ती लावतो, कधी उदबत्ती. दोन्ही नावे एकाच झाडाची, आणि बहुतेक काड्यांत त्या झाडाचा अंशही नसतो. किराण्याच्या दुकानात ऊद म्हणून जो मिळतो, तीही दुसऱ्याच झाडाची राळ.

निरोगी अगुरूचे लाकूड फिकट आणि हलके असते. त्याला म्हणण्यासारखा वास नसतो. खोडाला कीड भोके पाडते, जखमेतून बुरशी आत शिरते आणि तिला अडवण्यासाठी झाड राळ तयार करू लागते. राळेने भरलेले लाकूड काळे आणि इतके जड होते, की त्याचा उत्तम तुकडा पाण्यात बुडतो. तेच लाकूड कुटून, बरेच दिवस पाण्यात भिजत घालून, मग भट्टीवर चढवून तेल काढतात. पहिल्या वासातला गोठा त्या भिजवणीतून येतो.

इथे निबंधकाराला मोठा मोह होतो. जखमेतून सुगंध! दुःख सोसल्याखेरीज माणसाला गंध येत नाही, असे तात्पर्य काढून मोकळे व्हावे. मी ते काढणार नाही. जखम झालेले प्रत्येक झाड सुगंधी होत नाही. पुष्कळशी नुसती कुजतात. दुःखाने माणूस सुगंधी होतो असे सांगणारे बहुधा दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलत असतात. आणि हे तात्पर्य एकदा पटले, की पुढची पायरी ठरलेलीच आहे. आज बागाईतदार अगुरूच्या खोडाला मुद्दाम भोके पाडतात, त्यांत बुरशी सोडतात आणि वाट पाहतात. रानातली झाडे तर या लोभापायी इतकी तोडली गेली, की 1995 पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. मी शाळामास्तर आहे. छडीचे समर्थन याच तत्त्वज्ञानाने करणारी माणसे मी पाहिली आहेत. तेव्हा जखमेचे राहू द्या. माझा प्रश्न नाकाचा आहे.

कुपी आणली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मनगटाला अत्तर लावले. तासाभराने हुंगले तर काही नाही. वाटले, चाचांनी हलका माल दिला. पुन्हा लावले. शाळा सुटल्यावर पुन्हा तेच, तिसऱ्यांदा लावले. त्याच संध्याकाळी गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ वारल्याचे कळले, आणि मी होतो तसाच भेटायला गेलो. खोली लहान, माणसे दाटीने बसलेली. मी आजींच्या शेजारी टेकलो. थोड्या वेळाने त्यांच्या मुलीने उठून खिडकी उघडली. आजींनी पदर नाकाशी नेला. मला वाटले, त्यांना रडू आवरत नाही.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, तिथं हा वास घेऊन गेला होतात?”

“कुठला वास?” मी विचारले. आणि ते मी अगदी खरेपणाने विचारले होते.

दुसऱ्या दिवशी अत्तरवाल्या चाचांकडे गेलो. सगळे ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, “मास्तर, वास गेला नव्हता. तुमचं नाक गेलं होतं. आपला वास आपल्याला येत नाही. एकदा लावायचं आणि विसरायचं. कधी शंका आलीच तर दुसऱ्याला विचारायचं, पण पुन्हा काडी बुडवायची नाही.”

चाचा म्हणाले ते शरीरशास्त्रालाही मान्य आहे. नाक बदल टिपण्यासाठी आहे. जो वास सारखा येत राहतो, त्याची दखल घेणे ते काही मिनिटांत सोडून देते. मासळीबाजारात बसणाऱ्या बाईला मासळीचा वास येत नाही, तो याचमुळे. नाकाच्या जागी हा गुणच आहे. नाहीतर नवा धूर, नवी आग आपल्याला कळलीच नसती. पण हाच गुण मनाच्या ठिकाणी आला, की काय होते?

ते मला निराळ्या रीतीने माहीत होते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाची परीक्षेची फी मी भरली होती. रक्कम मोठी नव्हती. भरली त्या दिवशी मनाला मोठी ऊब वाटली. रस्त्याने चालताना आपण जरा बरे गृहस्थ आहोत असे वाटत होते. आठ दिवसांत ती ऊब गेली. मग एकदा शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला, म्हणजे मीच काढला, आणि फीची गोष्ट सांगितली. पुन्हा थोडे बरे वाटले. पुढे एका पालकाला सांगितली. शेवटी बक्षीस समारंभात, नाव न घेता, पण सगळ्यांना नाव कळेल अशा बेताने सांगितली. तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता. त्यानंतर मी समोरून आलो, की तो रस्त्याची दुसरी बाजू धरू लागला. लोक कृतघ्न असतात, असे मी त्या वर्षी बऱ्याच जणांना ऐकवले.

आजींचा पदर आणि त्या मुलाने ओलांडलेला रस्ता यांत काय फरक आहे? दोन्हीकडे मी एकच चूक केली होती. मला वास येईना, म्हणून तो उरलाच नाही असे समजलो आणि काडी पुन्हा बुडवली.

यावर कोणी म्हणेल, मग चांगुलपणा गुप्तच ठेवावा. मला तसे वाटत नाही. बूच लावलेल्या कुपीचा कोणालाच उपयोग नाही. त्या मुलाला फी कोणी भरली हे ठाऊक होते आणि ते ठाऊक असण्यात काही वाईट नव्हते. प्रश्न लपवण्याचा नाही, राखणीचा आहे. आपण केलेले चांगले आपल्याला जाणवत राहावे, अशी मागणीच चूक आहे. ते जाणवेनासे होणे म्हणजे नाश नव्हे. कदाचित ते कातडीत मुरले एवढाच त्याचा अर्थ. आणि उलट बाजूही विसरता येत नाही. आपल्या अंगाची दुर्गंधीही आपल्याला येत नाही. म्हणून मागच्या पाच-दहा वर्षांत मला स्वतःत काहीच खटकलेले नाही, हे समाधानाचे कारण नसून खिडकी कोण उघडते आहे ते पाहण्याचे कारण आहे.

यंदा पाडव्याला तो मुलगा आला. आता तो नोकरीला आहे. आईने पाठवले म्हणून आला असावा, तसा आखडूनच बसला. फराळ झाला. जुने काही बोलायचे माझ्या जिभेवर आले होते: क्षमेचे शब्द होते, पण त्यांतही पुन्हा फीच होती. मी ते गिळले. कुपी काढून त्याच्या मनगटाला काडी लावली.

त्याने हात नाकाशी नेला आणि तोंड वाकडे केले. “थोडा वेळ थांब,” मी म्हणालो.

आम्ही त्याच्या नोकरीविषयी, पावसाविषयी बोलत बसलो. निघताना दारात त्याने पुन्हा हात हुंगला.

“आता?” मी विचारले. पहाटेपासून तोच ऊद माझ्या हाताला होता. मला काही कळत नव्हते.

“आता बरा वाटतोय, सर,” तो म्हणाला.

मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.