बरखास्तीनंतर : निष्ठा आणि उत्तरदायित्व

१

एखादा बंडखोर गट फुटतो किंवा विसर्जित होतो, त्यानंतर वीस-तीस वर्षे उलटतात, आणि मग त्यातली माणसे पुढे काय करीत राहिली अशी विचारणा सुरू होते. ही विचारणा वरवर कुतूहलाची वाटते. पण तिच्या पोटात एक नैतिक निवाडा दडलेला असतो. कोणी मंत्री झाला, कोणी ग्रंथलेखनात रमला, कोणी पूर्वीच्या प्रतिपक्षाच्या व्यासपीठावर जाऊन बसला. यातील प्रत्येक तपशील 'टिकला' किंवा 'विकला गेला' या दोन रकान्यांपैकी एकात टाकला जातो. हे रकाने कोणत्या तत्त्वावर आखलेले आहेत, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

इंग्लंडमधील पंक संगीताच्या गटांविषयी हा निवाडा फार सहजपणे केला जातो. 'सेक्स पिस्टल्स' हा गट १९७५ मध्ये स्थापन झाला आणि जानेवारी १९७८ मध्ये फुटला. १९९६ मध्ये त्याचे मूळ सदस्य पुन्हा एकत्र दौऱ्यावर निघाले, आणि हा दौरा पैशासाठी आहे हे त्यांनी लपवले नाही. गायक जॉन लायडन २००८ मध्ये लोण्याच्या जाहिरातीत दिसला. याउलट 'क्रॅस' या गटाने १९८४ हे आपले अखेरचे वर्ष आधीच ठरवून ठेवले आणि त्या वर्षी तो थांबला. त्याचा गायक स्टीव्ह इग्नोरंट पुढे नॉर्फकच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नौकेवर स्वयंसेवक म्हणून काम करीत राहिला. पहिल्याला 'विकला गेला' आणि दुसऱ्याला 'टिकला' म्हणणे सोपे आहे. पण लायडनने निर्धनतेची शपथ घेतली होती काय? आणि बुडणाऱ्याला वाचवणे ही पंकची निष्ठा कोणत्या अर्थाने? हे रकाने माणसाच्या आजच्या स्थितीकडे पाहतात. त्याने कोणाला कोणते वचन दिले होते, हे ते विचारीतच नाहीत.

२

याच वर्षांत मुंबईत एक गट उभा राहिला आणि विसर्जित झाला. त्याची हत्यारे लघुनियतकालिक, कविता, पत्रक आणि भाषण ही होती. 'दलित पँथर'ची स्थापना १९७२ मध्ये झाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि राजा ढाले ही तिच्या आरंभाशी जोडलेली प्रमुख नावे. स्थापनेचे श्रेय नेमके कोणाचे, यावर पुढे त्यांच्यातच वाद झाले. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख प्रसिद्ध झाला आणि मराठी सुशिक्षित समाजाची शांतता ढवळून निघाली. त्याच सुमारास 'गोलपिठा' आला. १९७३ मध्ये ढसाळांनी प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्याने मतभेदांना तोंड फुटले, १९७४ मध्ये फूट पडली आणि मार्च १९७७ मध्ये ढाले व पवार यांनी संघटना बरखास्त झाल्याचे जाहीर केले.

यानंतरच्या वाटा सर्वज्ञात आहेत. बरखास्ती अमान्य असलेल्या तरुणांनी 'भारतीय दलित पँथर' या नावाने काम चालू ठेवले आणि नामांतराच्या लढ्यात ते अग्रभागी राहिले. त्यांच्यापैकी रामदास आठवले पुढे राज्यात मंत्री झाले आणि २०१६ मध्ये केंद्रात राज्यमंत्री. ज. वि. पवार यांनी आंबेडकरोत्तर चळवळीचा इतिहास खंडाखंडाने लिहिला. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या दलित साहित्याच्या इंग्रजी संकलनामुळे १९९२ नंतर हे साहित्य मराठीबाहेरच्या अभ्यासक्रमांत पोहोचले. ढाले निधनापर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, आपल्या वैचारिक आग्रहांवर कडवेपणाने ठाम राहिले. ढसाळांनी आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' हे दीर्घकाव्य लिहिले. पुढे त्यांनी शिवसेनेशी जवळीक केली, 'सामना'त स्तंभलेखन केले. १९९९ मध्ये त्यांना पद्मश्री आणि २००४ मध्ये साहित्य अकादमीचा सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. 'तुही इयत्ता कंची?' पासून 'निर्वाणा अगोदरची पीडा' पर्यंतची त्यांची कविता मात्र या सर्व वळणांच्या बरोबरीने लिहिली जात होती आणि तिची धग ओसरली असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

दोन रकान्यांची अडचण येथेच स्पष्ट होते. ठाम राहिलेल्या माणसाचे लेखन आणि वळणे घेतलेल्या माणसाचे लेखन यांची प्रत रकान्यांप्रमाणे लागत नाही. म्हणून काही समीक्षक कवी आणि माणूस यांची फारकत करतात, तर काही उत्तरायुष्याचा पुरावा घेऊन पूर्वायुष्यातील कविताच संशयास्पद ठरवतात. दोन्ही मार्गांनी प्रश्नाची सुटका होते, उत्तर मिळत नाही.

३

मूळ प्रश्न सातत्याचा आहे. पंचविशीतला बंडखोर आणि साठीतला मानकरी हे कोणत्या अर्थाने एकच? यासाठी एक जवळचे उदाहरण घेता येईल. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोलीची उष्णोदकाची कुंडे आहेत. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त या पाण्यात अजून ऊन आहे, अशी त्या परिसरातली कथा. भूशास्त्र सांगते ते असे, की पावसाचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोल झिरपते, तेथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. दोन्ही स्पष्टीकरणांत एक गोष्ट समान आहे : कुंडातले पाणी दर घटकेला नवे असते, तरीही कुंड तेच राहते. कारण ज्या ऊर्जेशी त्याचा संबंध आहे तो तुटलेला नसतो. शिवाय एकाच पट्ट्यातली कुंडे सारखी तापलेली नसतात; एकात हात घालवत नाही, तर दुसऱ्यात माणसे निवांत बसतात. तेव्हा माणसाचे सातत्य त्याच्या मतांच्या अपरिवर्तनीयतेत शोधणे म्हणजे पाणी बदलले म्हणून कुंड नाकारणे होय.

तथापि दृष्टांताची मर्यादाही येथेच आहे. झऱ्याने कोणाला वचन दिलेले नसते. माणसाने दिलेले असते. डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने 'रीझन्स अँड पर्सन्स' (१९८४) या ग्रंथात एक कल्पित प्रसंग मांडला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका तरुण रशियन सरदारपुत्राला पुढे मोठी जमीन वारशाने मिळणार आहे. समाजवादी ध्येयांमुळे ती शेतकऱ्यांना देण्याचे तो ठरवतो. पण काळाबरोबर आपली ध्येये मावळतील याची त्याला धास्ती आहे. म्हणून तो आताच दस्तऐवज करतो आणि तो रद्द करण्याचा अधिकार फक्त पत्नीच्या हाती ठेवतो. उद्या मी बदललो आणि दस्त रद्द कर म्हणालो तरी ऐकू नकोस. ते बोलणारा मी नसेन, असे तो तिला बजावतो. पुढे तो खरोखरच बदलतो. पत्नीने कोणाचे ऐकावे? पारफिटचा रोख असा की, तिला आपण त्या तरुणाशी बांधलेलो आहोत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि वचनातून तिला मोकळे करू शकणारा तो तरुण आता तिच्यासमोर उभा नाही.

बंडखोर गटाचा जाहीरनामा हा असाच दस्तऐवज असतो. तो तरुण 'आम्ही' लिहितो आणि त्याची परीक्षा पुढचा वयस्क 'मी' देतो. फरक इतकाच, की हा दस्त एका पत्नीच्या हाती दिलेला नसून ज्यांच्या नावाने आवाज उठवला त्या सर्वांच्या हाती दिलेला असतो. गट बरखास्त करण्याचा अधिकार सदस्यांना असतो. दस्त रद्द करण्याचा अधिकार त्यांना उरतो काय, हा खरा प्रश्न आहे. १० जानेवारी १९७४ रोजी, वरळीच्या दंगलीनंतर मुंबईत निघालेल्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. त्या शब्दांची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली. शब्द लिहिणारे पुढे ते मागे घेऊ शकले असते. जाधवांना काहीच मागे घेता येणार नव्हते.

४

म्हणजे मग वचनाला अखेरपर्यंत चिकटून राहणे हेच श्रेयस्कर, असा निष्कर्ष निघतो काय? भारतीय परंपरेत याचे सर्वांत कठोर उदाहरण भीष्माचे आहे. त्याने तारुण्यात केलेली प्रतिज्ञा कधी मोडली नाही. पण भर सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच म्हणून तो थांबला. निष्ठेच्या कसोटीवर भीष्म पूर्ण उतरतो आणि तरीही महाभारताच्या वाचकाला त्या सभेत तो उणा वाटतो. त्याचे कारण असे की, प्रतिज्ञा पाळणे आणि जिने न्याय मागितला तिला उत्तर देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माणूस स्वतःच्या प्रतिमेशी प्रामाणिक राहतो. दुसरीत तो दुसऱ्याला बांधील राहतो. पहिलीला निष्ठा म्हणावे, दुसरीला उत्तरदायित्व.

हा भेद मराठीत एका ग्रंथाने तीव्रपणे पुढे आणला आहे. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांचे आवाज घुमले. अण्णा भाऊ १९६९ च्या जुलैत गेले आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी अमर शेख अपघातात गेले. एकाचे वय ४८, दुसऱ्याचे ५२. त्यांच्या उत्तरायुष्याचा निवाडा झाला नाही, कारण त्यांना दीर्घ उत्तरायुष्य मिळालेच नाही. निष्ठावंत म्हणून स्मरणात राहण्यात दैवाचाही असा वाटा असतो. ज्याला जगणे भाग पडते, त्याची परीक्षा अधिक लांबते.

अमर शेखांच्या कन्या मल्लिका यांचा विवाह नामदेव ढसाळांशी झाला. एका विसर्जित पथकाचा वारसा दुसऱ्या विसर्जित संघटनेच्या घरात असा आला. १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पारफिटचा ग्रंथही त्याच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग. पण पारफिटच्या दृष्टांतात दस्त सांभाळणारी पत्नी मराठीत येथे स्वतः बोलू लागते. रशियन सरदारपुत्राच्या पत्नीला स्वतःचे काही मागणे नाही; ती केवळ पतीच्या तरुणपणाची विश्वस्त आहे. मल्लिका अमर शेख विश्वस्ताची ही भूमिका नाकारतात. चळवळीचा पुढारी आणि थोर कवी असलेल्या माणसाच्या घरात एका स्त्रीला काय सोसावे लागले, हे त्या सांगतात. १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दाची जी व्यापक व्याख्या केली होती, तिच्यात कामगार, भूमिहीन आणि गरीब शेतकरी यांच्याबरोबर स्त्रियांचाही समावेश होता. म्हणजे आत्मकथनाची लेखिका त्या दस्ताच्या बाहेर उभी नाही. त्यातील एका शब्दानुसार ती हक्काची दावेदार आहे.

ही गोष्ट लक्षात घेतली की उत्तरायुष्याचा प्रश्न जरा निराळा दिसू लागतो. पक्ष बदलणे, पुरस्कार घेणे, सत्तेच्या जवळ जाणे या घटना महत्त्वाच्या आहेतच. पण त्या सर्वांना दिसतात म्हणून निवाडा त्यांच्यापुरताच थांबतो. घरातला दावा मात्र बरखास्तीच्या आधीही उभा होता आणि नंतरही राहिला. 'टिकला' हा शेरा मिळवणाऱ्यांपैकीही किती जण या दाव्यापुढे उत्तर देऊ शकतील, हे कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाही.

५

उत्तरदायित्वाची कसोटी समीक्षेला काय करायला सांगते? पहिली गोष्ट अशी की, कवीच्या साहित्यातून गैरसोयीचे काही गाळू नये. 'गोलपिठा'च्या अभ्यासकाने 'प्रियदर्शिनी' हा अपघात मानून पुढे जाणे योग्य नाही. तसेच 'प्रियदर्शिनी' हाती धरून 'गोलपिठा'वर खटला चालवणेही योग्य नाही. १९७२ चा ग्रंथ १९७६ च्या ग्रंथाने खोटा ठरत नाही. पण १९७६ च्या ग्रंथाला १९७२ च्या ग्रंथापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते. तसे उत्तर पुढच्या कवितेत कोठे उमटते, कोठे टाळले जाते, हे शोधणे हे वाङ्मयीन काम आहे. १९९५ च्या संग्रहाला ढसाळांनी 'या सत्तेत जीव रमत नाही' असे नाव दिले. ते उत्तर म्हणून पुरेसे आहे की नाही, हे कविता वाचूनच ठरवावे लागेल. त्यांच्या राजकीय प्रवासाच्या टिपणावरून ते ठरणार नाही.

दुसरी गोष्ट वाचकांविषयीची आहे. शाहिरीत मुख्य गायकामागे झीलकरी असतात. त्यांच्यावाचून पोवाडा उभा राहत नाही. १९७२ मध्ये टाळ्या वाजवणारे, लेख छापणारे, संग्रहांवर परीक्षणे लिहिणारे हे सर्व एका अर्थी झीलकरीच होते, आणि विद्यापीठांत या साहित्यावर प्रबंध लिहून स्थिरावलेले अभ्यासकही त्यांच्यातच मोडतात. 'पँथर' आज काय करतात असे विचारणाऱ्याने ही झील कोठे गेली, हेही विचारायला हवे. ज्या गिरणगावाने शाहिरांना आणि पुढे 'पँथर'च्या सभांना श्रोते पुरवले, ते १९८२ च्या संपानंतर विस्कटले. मुंबईत विणले जाणारे कापड मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. अकलोलीची कुंडे ज्या तालुक्यात आहेत त्याच तालुक्यात, मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या संघटनेचे बळ मागे ठेवून, तेच काम सुरू राहिले. गट बरखास्त झाल्याची तारीख सांगता येते. श्रोतृवर्ग बरखास्त झाल्याची तारीख कोणी जाहीर केली नाही. त्या श्रोत्यांच्या हातीही दस्ताची एक प्रत होती.

बरखास्ती माणसाला कार्यक्रमातून मोकळे करते, एकमेकांच्या सहवासातून मोकळे करते, आणि मते बदलण्याचा अधिकारही देते. ज्यांनी आपल्या शब्दांवर विश्वास ठेवला, त्यांच्या प्रश्नातून ती मोकळे करीत नाही. हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार समीक्षकाचा नाही. तो भागवत जाधवांच्या माघारी राहिलेल्यांचा, आत्मकथन लिहिणाऱ्या स्त्रीचा आणि यंत्रमागावर बसलेल्या माणसाचा आहे. समीक्षकाने तो त्यांच्या वतीने विचारताना आपलेही नाव उत्तर देणाऱ्यांच्या यादीत लिहून ठेवावे.